धुरात ठेवलेली बुरशी

आमच्या बागेतली संत्री कडू. फळाला कुणी विचारत नाही. पडतं, कुजतं, डुकरंसुद्धा हुंगून पुढं जातात. आम्हाला हवं असतं ते पान. वर्षातून दोनदा फांद्या छाटायच्या, पानं मोठ्या हंड्यात पायांनी तुडवून भरायची, झाकण चिखलाने लिंपायचं आणि खाली जाळ लावायचा. वाफ नळीत शिरते, नळी ओढ्याच्या पाण्यातून जाते, आणि दुसऱ्या टोकाला पाण्यावर तरंगत पिवळसर तेल येतं. ते अत्तरवाले नेतात. वडिलांनी हेच केलं, मग आम्ही. धाकटा भाऊ सेलेदोनियो बाग बघायचा, भट्टी माझ्याकडे.

इसाऊ मुंगीलाही पानच हवं असतं. खायला नाही. ती पान कातरून जमिनीखाली नेते, चघळून त्याचा लगदा करते, त्या लगद्यावर पांढरी बुरशी पिकवते आणि ती बुरशी खाते. एका वारुळाने मनावर घेतलं तर आज हिरवंगार असलेलं झाड उद्या काठ्यांची जुडी होतं. मुंग्या पूर्वीही होत्या, पण तेव्हा आजूबाजूला रान होतं. रान तुटून तिथं सोयाबीन आलं, तेव्हापासून त्यांनी आमच्याकडेच मुक्काम टाकला. सोयाबीनवर विष पडतं, आमच्या बागेवर पडत नाही. मुंगीला तेवढं कळतं.

विष आम्हीही एकदा टाकून पाहिलं होतं. त्या वर्षी अत्तरवाल्यांनी तेल तपासलं आणि सगळी पिंपं जशीच्या तशी परत पाठवली. पुन्हा असं झालं तर तुमच्या दारात येणार नाही, असा निरोपही पाठवला. तेव्हापासून विषाचं नाव नाही. वारुळात उकळतं पाणी ओतून झालं, मांडिओकाच्या कंदाचं विषारी पाणी ओतून झालं, तिळाची पानं टाकून झाली. मुंग्यांनी सगळं सोसलं.

वाल्देमार हा आमच्या शेजारचा सोयाबीनवाला. आमच्या कुंपणापासून नजर जाईल तिथपर्यंत त्याचंच. तो दर जानेवारीत येऊन बाग भाड्याने मागायचा, आणि सेलेदोनियो त्याला तेरेरे, म्हणजे नळीने ओढायचं पाल्याचं गार पाणी, पाजून वाटेला लावायचा. त्या जानेवारीत भावाने तेरेरे पाजलं, पण 'नाही' म्हटलं नाही.

तो गेल्यावर माझी भावजय बेर्नार्दा नवऱ्याला म्हणाली, "आज जीभ कुठं गहाण ठेवली होती?"

"या महिन्यात पंधरा झाडं गेली," तो म्हणाला. "जाऊन मोज."

"मोजायची कशाला? स्वयंपाकघरातून आता रस्ता दिसायला लागलाय."

मी म्हटलं, "बाग दिलीस तर भट्टीत काय घालू? सोयाबीन?"

"ताई, मुंगी थांबली तर मी बाग देत नाही. वाल्देमारलाही तेच सांगितलंय. जुलै संपेपर्यंत थांब म्हटलं. त्याला ऑगस्टात जमीन तयार करायची असते."

"आणि नाही थांबली तर?"

त्याने नळी तोंडातून काढली, पेल्यातला पाला झाडाच्या बुंध्याशी आपटला. "तर मी चौसष्ट वर्षांचा आहे," तो म्हणाला, आणि उठून गेला.

सुनिल्दा मार्चमध्ये आली. शेतकऱ्यांच्या संस्थेने तालुक्याच्या गावी दोन खोल्यांची प्रयोगशाळा काढली होती, तिथं ती कामाला होती. मोटारसायकलवर, मागे थर्माकोलचा डबा बांधून. लाल मातीने भुवयासुद्धा लाल झालेल्या. आधी पाणी मागितलं, मग डबा उघडला. आत अठरा पाकिटं, प्रत्येकात शिजवलेला तांदूळ, आणि तांदळावर हिरवी भुकटी चढलेली.

बेर्नार्दा वाकून बघत म्हणाली, "पोरी, एवढ्या लांबून उरलेला भात घेऊन आलीस?"

"भातच आहे मावशी. त्याला बुरशी मुद्दाम लावलीय."

"आमच्याकडे न लावता लागते. कळवलं असतंस तर जमवून ठेवला असता."

सुनिल्दा हसली आणि तिने भावाला, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं 'काराई' म्हणत, समजावून सांगितलं. "काराई, ह्यात दोन जाती आहेत. एक मुंगीच्या अंगाला लागते आणि तिला आतून खाते. दुसरी त्यांच्या पांढऱ्या बुरशीला खाते. मालक आणि पीक, दोन्ही जातात. वारुळात आपण उतरू शकत नाही, म्हणून मुंगीच्याच हातून आत पाठवायचं. तांदूळ दिसला की ती उचलून नेते."

"आणि तेलात ह्याचं काही उतरतं?"

"काही नाही."

"मग अत्तरवाल्यांचं तोंड बंद."

"हो. पण ही जिवंत वस्तू आहे. पाऊस पडून माती ओली झाल्यावरच टाकायची, दिवस कलताना, ऊन उतरल्यावर. हाताला तंबाखूचा वास नको. आणि तोवर पाकिटं थंड जागी, सावलीत, कोरडी ठेवा. फ्रिज आहे?"

"आहे," बेर्नार्दा म्हणाली. "त्यात कोंबड्यांचं खाद्य ठेवतो. चार वर्षांपूर्वी वारला तो."

"मग दुकानात कुणाकडे?"

दुकानदाराकडे मीच गेले. तो म्हणाला, माझ्या सॉसेजशेजारी मी बुरशी ठेवणार नाही. त्याच्या सॉसेजवर ती आधीपासूनच होती, पण भांडण्यात अर्थ नव्हता. पाकिटं परत घेऊन आले.

आता ठेवायची कुठं? घराला पत्रा. दुपारी आत भाकरी भाजेल. जमिनीवर ठेवावं तर त्याच मुंग्या वेळेआधी पळवतील, नाहीतर उंदीर. भट्टीची झोपडी मात्र गवताने शाकारलेली, चारी बाजूंनी मोकळी, वारा खेळता. आणि भट्टीच्या वर छताला टांगलेला बांबूचा माच. आमच्याकडे जपून ठेवायचं ते सगळं त्या माचावर ठेवतात: बियाण्याचा मका, घेवडा, भुईमूग, कापसाची सरकी. माझ्या आईने तिथंच ठेवलं, तिच्या आईनेही. तिथं कीड येत नाही, उंदीर येत नाही, मुंगी तर मुळीच येत नाही. दोन पावसाळे गेले तरी बियाणं खडखडीत. मी अठरा पाकिटं एका स्वच्छ कापडात बांधली आणि मक्याच्या कणसांशेजारी टांगली. वर बघून मला बरंसुद्धा वाटलं. बागेतल्या सगळ्या मुंग्यांपासून त्यांचं मरण मी सुखरूप ठेवलं होतं.

पाऊस काही आला नाही. एप्रिल अख्खा कोरडा गेला. एप्रिल म्हणजे आमच्याकडचा शरद; त्यातली छाटणी तर करावीच लागली, म्हणून त्या महिन्यात चार वेळा भट्टी लावली. माचावर हात पोळेल इतकी ऊब जात नाही, जातो तो फक्त धूर. दोनदा मी वर चढून गाठोडं सोडून पाहिलं. पहिल्यांदा भुकटी हिरवी होती. दुसऱ्यांदा करडी वाटली. मी म्हटलं, पिकली असेल.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस चांगला पाऊस झाला. आम्ही इर्जिक बोलावली. शेजारपाजारची अकरा माणसं आली. बेर्नार्दाने दोन कोंबड्या शिजवल्या. सगळ्यांनी राखेने हात घासले. सेलेदोनियोने सकाळपासून विडी ओढली नव्हती, त्यामुळे तो ज्याच्या त्याच्यावर खेकसत होता.

"मुंगीसाठी एवढं सोवळं पाळतोस," त्याचा मित्र अपोलिनार म्हणाला, "लग्नाच्या दिवशी तरी आंघोळ केली होतीस का?"

"केली होती. बाईला पसंत पडलो नाही तर परत पाठवील अशी आशा होती."

"परत पाठवायची सोय नव्हती," बेर्नार्दा म्हणाली. "पिंपं पाठवता येतात, नवरे नाही."

दिवस कलला तसे सगळे आपापल्या वाटचा तांदूळ घेऊन वारुळांकडे पांगले. सर्वांत मोठं वारूळ ओढ्याच्या वरच्या बाजूला होतं, चार बैलगाड्या मावतील एवढा मातीचा ढीग. तिथं सेलेदोनियो आणि मी बसलो. तोंडाशी तांदूळ पसरला. पहिल्या मुंग्या येऊन हुंगून गेल्या. मग एक आली, तिने दाणा उचलला, डोक्यावर घेतला आणि बिळात गेली. मग दुसरी. मग रांग लागली. आम्ही दोघं प्रार्थनेत माणसं बसतात तसे बसलो होतो. दाणा दाणा संपला तेव्हा भावाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला आधार घेतला आणि म्हणाला, "स्वतःच्या हाताने नेलं गं त्यांनी."

सुनिल्दाने मला एक काम नेमून दिलं होतं. रोज सकाळी मोठ्या वारुळाच्या वाटेवर बसायचं आणि घड्याळ लावून एका मिनिटात पान घेऊन किती मुंग्या जातात ते वहीत लिहायचं. तांदूळ टाकायच्या आदल्या दिवशी साठ होत्या. तीन दिवसांनी अठ्ठावन्न. आठवड्याने एकसष्ट. दहाव्या दिवशी सदुसष्ट. मी भावाला आकडे सांगत नव्हते, पण तो वही उघडी दिसली की वाकून बघायचा. त्याला अक्षर येत नाही, आकडे येतात.

बाराव्या दिवशी सुनिल्दा आली. तिने वहीत बघितलं. म्हणाली, "एखादं पाकीट उरलंय का?"

अर्धं पाकीट उरलं होतं. तिने काही दाणे हातावर घेतले, भिंगातून पाहिले, बोटाने चोळले, नाकाशी नेले. परत नाकाशी नेले. मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, ही पाकिटं कुठं होती?"

"भट्टीत. सावलीत. अगदी कोरडी."

"भट्टीत कुठं?"

मी बोट वर केलं. ती माचाखाली जाऊन उभी राहिली. वरचे बांबू धुराने काळेकुट्ट झालेले, डांबर लावल्यासारखे चकचकीत. त्यांच्यावर मक्याची कणसं.

"इथं का ठेवली?"

"सगळं बियाणं इथंच ठेवतो आम्ही. धूर लागतो ना, मग मक्याला बुरशी..."

'लागत नाही' म्हणायच्या आतच मला उमगलं. सुनिल्दा दाणे परत पाकिटात घालत राहिली, एकेक करून, जणू ते अजून कामाचे आहेत.

सेलेदोनियो तिथंच कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. त्याने दांडा खाली ठेवला. "म्हणजे मेलेली होती?"

"हो, काराई. टाकली तेव्हाच मेलेली होती. मुंग्यांनी नुसता भात खाल्ला."

बेर्नार्दाला हसू फुटलं. तिने तोंडावर हात दाबला तरी ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. "धुरी दिलेला भात," ती म्हणत होती, "अकरा माणसं, दोन कोंबड्या, आणि मुंग्यांना धुरी दिलेला भात." मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि हसू थांबलं.

भाऊ मला रागे भरला असता तर बरं झालं असतं. त्याने दांडा पुन्हा उचलला आणि ठोकत राहिला. त्या दिवसानंतर त्याने या गोष्टीचा उल्लेख कधीच केला नाही. अपोलिनारने एकदा दुकानात थट्टा सुरू केली तेव्हा त्याने त्याला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं, आणि अपोलिनारही मला बघून टोपी काढायला लागला, जशी दुखवट्याच्या घरात काढतात.

मी सुनिल्दाच्या मोटारसायकलजवळ गेले. म्हटलं, "पोरी, चूक माझी आहे. त्याची नाही, बागेची नाही. दुसरी दे."

"आजी, तांदळावर ती वाढायलाच तीन आठवडे लागतात. आणि तुमच्या आधी नऊ गावं आहेत."

"मी त्या नऊ गावांना जाऊन विचारते."

ती दोरी घट्ट करत होती. "तुम्ही कशाला? मी बघते. पण तोवर जून उजाडून थंडी येईल. थंडीत ही बुरशी आळशी होते. उन्हाळ्यात आठ दिवसांत जे करते ते जुलैत करीलच असं नाही." ती किक मारायला वाकली, मग थांबली. "मीच बघून घ्यायला हवं होतं कुठं ठेवताय ते. कोरडं, सावलीत, एवढं सांगितलं. धूर माझ्या डोक्यातच आला नाही. आमच्या घरी गॅस आहे."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती दहा पाकिटं घेऊन आली. तेवढीच मिळाली. त्या थंडीत दहा म्हणजे एका मोठ्या वारुळालाच पुरतील. लहानमोठी मिळून बागेत चाळीसच्या वर होती. ती म्हणाली, सर्वांत मोठ्याला देऊ, निदान दिसेल तरी. या वेळी पाकिटं मी हातात घेतली नाहीत. बेर्नार्दाने मातीच्या घागरीत घालून ओढ्याच्या काठाला ओल्या वाळूत पुरली आणि वर दगड ठेवला. दोनच दिवस, मग पाऊस भुरभुरला आणि संध्याकाळी आम्ही तिघं आणि सुनिल्दा जाऊन ती टाकून आलो. इर्जिक बोलावली नाही. बोलवायला तोंड नव्हतं.

पाचव्या सकाळी वारुळाच्या तोंडाशी हिरवे दाणे पडलेले दिसले. मुंग्यांनी बाहेर आणून टाकले होते. वाटलं, हेही गेलं. पण आठव्या सकाळी दाण्यांबरोबर मुंग्याही होत्या. मेलेल्या, पाय आखडलेल्या, आणि सांध्यासांध्यातून पांढरा कापूस फुटलेला. मी एक तळहातावर घेतली. तिला घेऊन घरी पळत गेले. सत्तर वर्षांची बाई पळताना बघून कुत्री भुंकायला लागली.

भावाला हाक मारली, "सेलो, बघ."

त्याने माझा हात उजेडाकडे फिरवला. बराच वेळ बघितलं. "हिला कापूस कसा फुटला?"

"आतून खाल्लं तिला."

"चांगलं केलं," तो म्हणाला.

वहीत आकडा उतरत गेला. त्रेचाळीस. तीस. सोळा. सात. मग एके दिवशी मी मिनिटाऐवजी पूर्ण सकाळ बसले आणि एकही आली नाही. त्यांची वाट, जी त्या झाडून-पुसून अंगणासारखी ठेवायच्या, तिच्यावर वाळलेली पानं पडायला लागली. सेलेदोनियो रोज सकाळी येऊन तिथं उभा राहायचा. पाचव्या दिवशी तो करवत घेऊन आला आणि बोडक्या झाडांच्या वाळक्या फांद्या कापायला लागला, म्हणजे वसंतात फूट नीट यावी. ती कामं त्याने दोन वर्षं केली नव्हती.

"ताई," तो फांदीवरून म्हणाला, "ह्या एका वारुळाला दहा लागली. चाळिसांना किती?"

"सुनिल्दाला विचारू."

"वर्षभरात जमेल?"

"दोन वर्षांत जमेल."

"दोन वर्षं चालतील," तो म्हणाला. "वाल्देमारला सांगतो, यंदा नाही."

नऊ दिवस असे गेले. आयुष्यात मी फारशी सुखं पाहिली नाहीत, पण ते नऊ दिवस मला तारखेनिशी आठवतात. बेर्नार्दाने एकदा दुपारी मक्याचे गोड वडे केले, काही कारण नसताना.

सव्वीस जुलैला मी ओढ्याच्या खालच्या बाजूला सरपण आणायला गेले. तिथं वडिलांच्या हातची सर्वांत जुनी झाडं आहेत. एका झाडाखाली पानाचे हिरवे तुकडे चालत होते.

मी खाली बसले. तोंड नवं होतं, माती ओली, मोकळी. मोठ्या वारुळापासून शंभर पावलं. घड्याळ काढून मोजलं. पंचावन्न.

त्याच दिवशी निरोप धाडला. सुनिल्दा दुसऱ्या दिवशी आली. तिने दोन्हीकडे खणून पाहिलं, पोटावर पालथी पडून बॅटरीने आत बघितलं. उठली तेव्हा तिच्या शर्टाला पुढून सगळी लाल माती लागलेली होती.

"तेच वारूळ आहे," ती म्हणाली. "आजारी खोल्या त्यांनी मातीने चिणून टाकल्या आणि उरलेलं पांढरं पीक घेऊन इकडे आल्या. राणीला घेऊन."

"राणी जिवंत?" सेलेदोनियोने विचारलं.

"जिवंत असल्याशिवाय पंचावन्न निघणार नाहीत."

"मग पुन्हा टाकायची."

"टाकायची. त्या पुन्हा हलतील, आपण पुन्हा टाकायची. दर महिन्याला, प्रत्येक वारुळात. काराई, मी खोटं सांगणार नाही. ही बुरशी त्यांना संपवत नाही, दमवते. काही वर्षं नेटाने केलं तर वारुळं कमी होतात. काही ठिकाणी झालीत."

"आणि काही ठिकाणी?"

तिने शर्टावरची माती झटकली. "काही ठिकाणी शेतकरी आधी दमले."

सेलेदोनियो मान हलवत होता, हळूहळू, गिऱ्हाइकाने भाव सांगितल्यावर माणूस हलवतो तशी. मग करवत घ्यायला गेला. ती वरच्या झाडाला टांगलेली राहिली होती.

तो लांब गेल्यावर मी सुनिल्दाला विचारलं, "पहिली पाकिटं धुरात ठेवली नसती, तर? मे महिना होता. ऊब होती. अठरा होती."

"आजी, तेव्हाही त्या हलल्या असत्या कदाचित."

"कदाचित."

"मला माहीत नाही. उबेत ती जोरात वाढते. राणीपर्यंत पोचलीही असती. नसतीही." तिने माझ्या दंडाला धरलं. "खरंच माहीत नाही."

"बरं," मी म्हटलं. "खोटं सांगितलं नाहीस ते बरं केलंस."

पण ते बरं नव्हतं. तिने 'तरी काही उपयोग झाला नसता' म्हटलं असतं तर मी त्यावर उरलेली वर्षं काढली असती.

जुलैच्या शेवटच्या दिवशी वाल्देमार कागद घेऊन आला. तो वाईट माणूस नाही. टोपी हातात घेऊन उभा होता. घरात वाचता मलाच येतं, तेही मी साठीत शिकले, म्हणून कागद मीच वाचून दाखवला. दहा वर्षांचा करार. घर आणि भट्टीची झोपडी सोडून बाकी सगळं. 'उभी झाडं काढून टाकण्याचा हक्क' हे वाक्य मी वाचलं आणि भावाकडे बघितलं. त्याने डोळ्यांनी खूण केली, पुढं वाच.

सही केल्यावर वाल्देमार मला म्हणाला, "मावशी, झाडं पाडल्यावर चार दिवस तशीच पडू देतो. पानं तुम्ही घेऊन जा."

मशीन ऑगस्टच्या दहा तारखेला आलं. दोन ट्रॅक्टरांमध्ये जाड साखळी, आणि ती साखळी झाडांना बुंध्याशी धरून ओढत जाते. दीड दिवस लागला. मग चार दिवस मी, बेर्नार्दा आणि अपोलिनारची बायको पानं ओरबाडत होतो. वाकायला नको, चढायला नको, सगळं हाताशी. भट्टी चार दिवस विझली नाही. एका खेपेला एवढं तेल मी जन्मात काढलं नव्हतं. मुंग्याही त्याच झाडांवर होत्या. सगळ्या चाळीस वारुळांतून रांगा निघाल्या होत्या. पडलेलं झाड, एका बाजूने त्या, एका बाजूने आम्ही. बेर्नार्दा म्हणाली, "ह्यांचीही दिवाळखोरी आहे, बघ. घरातलं सगळं घेऊन निघाल्यात." तिच्या बोटांना काटे लागून रक्त आलं होतं. तिने ती परकराला पुसली आणि पुढची फांदी ओढली.

पाचव्या दिवशी वाल्देमारच्या माणसांनी विषाच्या गोळ्या टाकल्या. एका दुपारात, पाठीवरच्या यंत्राने, चालता चालता. हातमोजे घातलेले, तोंडात विडी.

त्यानंतर आठवडा गेला असेल. सेलेदोनियो भट्टीत आला. मी रिकामा हंडा घासत होते.

"ताई, चल, काहीतरी दाखवतो."

आम्ही मोठ्या वारुळापर्यंत चालत गेलो. सावली कुठंच नव्हती, त्यामुळे वाट लांब वाटली. ढीग अजून होता. तिथून शंभर पावलांवर, नव्या वारुळाच्या तोंडातोंडाशी मुंग्यांचे थर साचलेले, तपकिरी, भुशासारखे. आजूबाजूच्या लहान वारुळांशीही तसेच. त्याने चपलेच्या टोकाने थर उकरून पाहिला. आत काहीच हललं नाही.

"मेल्या," तो म्हणाला.

"हो."

"तीन दिवसांत."

त्याने खिशातून विडी काढली, पेटवली, आणि आम्ही उभे राहिलो. मागून ट्रॅक्टर आला. चालवणारा पोरगेला माणूस होता. त्याने इंजिन न थांबवता हात हलवला, इथून वळवायचं आहे, बाजूला व्हा.

आम्ही बाजूला झालो.